एका कान्याचा फरक

अंबुजा पुश्तू शिकली ती भिंतीवरून.

एकोणीसशे बावीस साली तिच्या नवऱ्याला लष्कराच्या बांधकाम खात्यात कारकुनी मिळाली, तीही थेट वायव्य सरहद्दीवरच्या कोहाटला. कुंभकोणमच्या मेलकावेरीत जन्मलेली, कावेरीच्या पाण्यावर वाढलेली एकवीस वर्षांची पोर एकदम अशा मुलखात जाऊन पडली, की तिचं घरातलं तंजावरी मराठी तिथं कुणाला कळेना आणि रस्त्यावरचं तमिळ तर त्याहून नाही. मागच्या अंगणाला छातीइतकी मातीची भिंत होती. पलीकडे जरमिना नावाची पठाणीण तंदूर पेटवायची. पहिले काही महिने दोघी नुसत्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग तिकडून रोटी आली, इकडून लोणचं गेलं आणि त्यांच्याबरोबर शब्दही येऊ-जाऊ लागले. अंबुजाची आठ महिन्यांची मुलगी तापानं गेली तेव्हा जरमिना भिंत ओलांडून आली आणि तिच्या शेजारी बसून आपल्या भाषेत रडली. त्या रडण्यातला शब्द न् शब्द अंबुजाला समजला. आपल्याला ही भाषा येते, हे तिच्या ध्यानात आलं ते त्या दिवशी.

तिचा नवरा व्यंकोजीराव शिकले ते मुनशीकडून, सरकारी परीक्षेपुरतं. परीक्षा पास झाले, प्रमाणपत्र चौकटीत बसवलं. पण बाजारात पुश्तू बोलायला गेले की पठाण मिशीत हसून हिंदुस्थानीत उत्तर द्यायचे. मग ते घरी येऊन बायकोला विचारायचे, "अगं, याला काय म्हणतात?" ती सांगायची. ते वहीत उतरवून घ्यायचे. बारा वर्षांत अशा तीन वह्या भरल्या.

पुढे बदल्या होत होत ते अठ्ठेचाळीस साली निवृत्त झाले आणि दोघं मेलकावेरीला परतली. एका लग्नाच्या निमित्तानं व्यंकोजीराव पुण्याला जाऊन आले. तंजावरकडच्या मराठी लोकांना पुण्याचं फार अप्रूप असतं. जिथून पूर्वज निघाले तो मुलूख एकदा डोळ्यांनी बघावा, असं वाटतं. पण तिथं पंगतीत ते "म्यां जेविलों" म्हणाले आणि आजूबाजूचे लोक पोट धरून हसले. एक जण म्हणाला, "काय हो, बखरीतून उठून आलात की काय?" ते हसू व्यंकोजीराव बरोबर घेऊनच आले. पुणेकरांनी तोंडात बोट घालावं असं काहीतरी मराठीत लिहून दाखवायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं. काय लिहायचं, ते त्यांना अंबुजाच्या भावामुळे सुचलं.

सेतुराम तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. पहिल्या महायुद्धात तो मलमपट्टी करणारा म्हणून मेसोपोटेमियात गेला, कुतच्या वेढ्यात सापडला, आणि तुर्कांच्या कैदेत अडीच वर्षं राहून एकोणीस साली परत आला. तेव्हा त्याला ओळखायला आईलाही वेळ लागला होता. त्यानंतर तीस वर्षं त्यानं एका दवाखान्यात कंपाउंडरकी केली. कैदेबद्दल तो चकार शब्द बोलत नसे. फक्त पुडीत गोळ्या मोजून टाकताना त्याच्या ओठांवर "बिर, इकी, उच, दोर्त" असे आकडे येत. तो तुर्की आकडे मोजतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. म्हातारपणी त्याला उठून जायला घर एकच होतं, बहिणीचं.

"सेतुराम, तुम्हांला तुर्की किती येतं?" एके दिवशी व्यंकोजीरावांनी विचारलं.

"जगायला लागेल तेवढं आलं, भावोजी."

"म्हणजे पुष्कळ आलं," व्यंकोजीराव म्हणाले आणि आतून कोरी वही घेऊन आले.

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता, कॉफी झाली की, दोघं बाहेरच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसत. वहीच्या पानावर तीन रकाने: मराठी, पुश्तू, तुर्की. व्यंकोजीराव शब्द काढायचे, सेतुराम तुर्की सांगायचा. पुश्तूचा रकाना भरताना अडलं की व्यंकोजीराव मान न वळवता हाक मारायचे, "अगं!" मग दाराआड भाजी चिरत बसलेली अंबुजा उत्तर द्यायची. पाणी? ओबे. आणि तुर्कीत? सु. भाकरी? डोडइ. तुर्कीत? एक्मेक. घर, आग, झाड, हात, पाय.

दोन्ही भाषांत सारखे शब्द सापडले की व्यंकोजीराव हरखायचे. किताब, दुनिया, वक्त. "बघा, सख्ख्या बहिणी आहेत या!" ते म्हणायचे. सहा महिने त्यांनी अशा शब्दांच्या याद्या केल्या.

एका दुपारी अंबुजाला राहवलं नाही. ती दारात येऊन उभी राहिली. "अहो, त्या बहिणी कशाच्या? ते शब्द दोघींनीही तिसऱ्याच घरून उसने आणलेत. अरबांचे आहेत ते."

"मग?"

"मग बोलण्याची चाल बघा ना. जरमिना म्हणायची, 'मा डोडइ वुखोडा'. म्यां भाकर खाल्ली. भाकर बाईमाणूस, म्हणून वुखोडा. आंबा खाल्ला तर 'मा आम वुखोड'. म्यां आंबा खाल्ला. खाणारी तीच, पण क्रियापद चालतं ते खाल्लेल्या वस्तूमागून. हुबेहूब आपलं. आणि अण्णा तुर्की सांगतो ते कसं? एव म्हणजे घर. एवलेर, घरं. एवलेरिम, माझी घरं. एवलेरिम्दे, माझ्या घरांत. एकाला एक जोडत जायचं, फुलांची वेणी ओवावी तसं. बाई नाही, पुरुष नाही. तमिळमध्येही तसंच. वीडु म्हणजे घर, मग वीडुगळ, वीडुगळिल. आणि 'सु योक' म्हणजे काय? पाणी नाही. हुबेहूब तण्णीर इल्लै. पठाणांचं बोलणं आपल्या घरातल्या बोलण्यासारखं आहे. तुर्कांचं बोलणं उंबऱ्याबाहेरच्या बोलण्यासारखं."

सेतुराम कौतुकानं बहिणीकडे बघत राहिला. व्यंकोजीरावांनी मात्र वहीतलं नवं पान काढलं, लिहायला सुरुवात केली आणि म्हणाले, "कॉफी आण जरा."

दुसऱ्या दिवसापासून शब्दांच्या याद्या बंद झाल्या आणि क्रियापदं सुरू झाली.

क्रियापदांनी सेतुरामची दशा केली. नुसते शब्द सांगताना त्याचं काही बिघडत नव्हतं. पण 'चाल' म्हटलं की 'चालला, चालला नाही, चालेल, चालू नकोस' हे सगळं सांगावं लागायचं, आणि ती रूपं त्याच्या कानांवर ज्यांनी घातली होती त्यांच्या तोंडूनच ती परत ऐकू यायची. तो कॉफी अर्धी ठेवून उठू लागला. अंबुजानं नवऱ्याला एकदा सुचवलं, "अण्णाला थोडे दिवस विसावा द्या." ते म्हणाले, "विसावाच तर आहे. बसून बोलायचं, त्यात कसले श्रम?"

चौपन्न सालच्या आषाढात एके दिवशी 'उठणे' हे क्रियापद आलं.

"कल्क म्हणजे ऊठ," सेतुराम म्हणाला. "कल्कमादी, उठला नाही. शेवटचा स्वर नीटसा 'ई' नव्हे. आपल्या वीडुमधला शेवटचा 'उ' कसा अर्धाच तोंडातून सुटतो, तसा काहीसा."

"आणि 'उठू शकला नाही'?"

सेतुरामनं पेला खाली ठेवला. व्यंकोजीरावांनी टाक दौतीत बुडवला आणि पुन्हा विचारलं.

"कल्कामादी," सेतुराम म्हणाला.

"म्हणजे? 'क'चा 'का'? एवढाच फरक?"

"एवढाच."

"एका कान्याचा! वा, सेतुराम, वा! तमिळमध्ये यालाच मुडियविल्लै, 'जमलं नाही', म्हणून केवढं शेपूट जोडावं लागतं."

अंबुजानं विळी बाजूला सारली. ती बाहेर येऊन त्याच्याजवळ बसली. "अण्णा, काय झालं?"

सेतुराम समोरच्या रस्त्याकडे बघत बोलू लागला. "आपला मणी. शेजारच्या समईवाल्या रामलिंगचा थोरला भाऊ, माझ्याबरोबर गेलेला. तो बगदादच्या इस्पितळात तापानं गेला, असं मी सांगितलं होतं. तो इस्पितळात नाही गेला. मोसुलच्या पुढे चालवत नेत होते आम्हांला. सकाळी मणी उठेना. हगवणीनं पार गळाला होता, डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होता. चावुश आला, त्यांचा हवालदार. मला विचारलं, हा का उठत नाही? तेव्हा मला त्यांच्या भाषेतले वीस-पंचवीस शब्द यायचे. मी म्हटलं, कल्कमादी. उठला नाही. मला वाटलं, मी हेच सांगतोय की बिचाऱ्याला उठवत नाही. चावुशनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, कल्कमादी, कल्कमादी. त्याला वाटलं, हा हट्टानं उठत नाही. त्यानं बंदूक उलटी धरली आणि दस्त्यानं..."

तो थांबला. अंबुजानं त्याचा हात धरला.

"सहा महिन्यांनी रेल्वेच्या कामावर असताना, एक म्हातारा पहारेकरी दुसऱ्या कुणाबद्दल बोलताना ऐकला. कल्कामादी. बिचारा उठू शकला नाही, म्हणून त्यानं त्याला गाढवावर घातलं. तेव्हा मला कळलं, मी काय बोललो होतो ते."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. मग व्यंकोजीराव हलकेच म्हणाले, "चावुशनं विचारलं ते नेमकं कसं? 'नेदेन', म्हणजे 'कशामुळे', हा शब्द आधी होता की शेवटी?"

अंबुजा नवऱ्याकडे बघतच राहिली. सेतुरामनं मात्र उत्तर दिलं, दवाखान्यात डॉक्टरच्या प्रश्नाला द्यावं तसं. "आधी. नेदेन कल्कमादी." मग तो उठला. "भावोजी, हे लिहू नका. मणीची आई मेली, पण रामलिंग आहे. दर वर्षी मणीच्या तिथीला तो मला पहिल्या पानावर बसवतो."

"छे, छे," व्यंकोजीराव म्हणाले. "व्याकरणापुरतं रूप घेईन. नाव कशाला घालू?"

पुढच्या माघात गावातल्या एका वाचनमंडळानं व्यंकोजीरावांचं भाषण ठेवलं. कॉलेजात भाषा शिकवणारे स्वामीनाथ नावाचे प्राध्यापक अध्यक्ष होते. शंभरेक माणसं जमली. अंबुजा बायकांमध्ये बसली होती, सेतुराम पुरुषांत मागच्या रांगेत. चार जागा सोडून रामलिंग बसला होता. पितळी समयांचं दुकान लवकर बंद करून तो शेजाऱ्याचं भाषण ऐकायला आला होता.

व्यंकोजीराव तमिळमध्ये छान बोलले. "एके दिवशी मला अचानक स्फुरलं," ते म्हणाले, "की पुश्तू ही माझ्या घरातल्या बोलीसारखी आणि तुर्की ही आपल्या सगळ्यांच्या तमिळसारखी." टाळ्या पडल्या. अंबुजाच्या शेजारची बाई तिच्या कानाशी लागून म्हणाली, "किती बुद्धिमान आहेत हो तुमचे!" अंबुजानं पदर सारखा केला. त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. तीस वर्षांची सवय होती.

टाळ्यांनी माणसाला जोर चढतो. व्यंकोजीरावांना तो चढला. खरं तर भाषण तिथं संपत होतं. पण त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "एका स्वराची किंमत किती असते, ते सांगून थांबतो. कल्कमादी आणि कल्कामादी. आमच्या मेहुण्यांनी तुर्की हवालदारासमोर एक काना गाळला, आणि या गावचा एक जवान, मणी त्याचं नाव, जिवानिशी गेला. तेव्हा विद्यार्थीहो, व्याकरण पक्कं करा!"

सभा हसली. वाईट हेतूनं नव्हे. शेवटचं वाक्य हसण्यासारखं म्हटलं होतं, म्हणून हसली. अध्यक्षही हसले. अंबुजानं मागे वळून पाहिलं. सेतुराम उठून उभा राहिला होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी गुडघ्यांमधून वाट मिळत नव्हती. रामलिंग बसल्या जागी मान वळवून त्याच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामलिंग सेतुरामच्या दारात आला. अंबुजा तेव्हा भावाला इडल्या द्यायला गेली होती, म्हणून तिनं हे सगळं ऐकलं.

"खरं आहे?" रामलिंगनं विचारलं.

"खरं आहे."

"आई सत्तावीस वर्षं तुम्हांला दर तिथीला विचारायची, शेवटी काय म्हणाला माझा मणी? तुम्ही सांगायचात, अम्मा म्हणाला. आमच्या पानावर बसून सांगायचात."

"रामलिंग, मला तो शब्द येत नव्हता. मला एवढीच भाषा..."

"भाषा येत नव्हती तर तोंड मिटून बसायचं होतं," रामलिंग म्हणाला. "या वर्षीपासून आमच्याकडे येऊ नका."

तो गेला. गावात हळूहळू कुजबुज सुरू झाली. दवाखान्यातून निवृत्त झाला तरी सेतुरामकडे लोक फोड-गळवं दाखवायला यायचे, ते यायचे कमी झाले. दीड महिन्यानं त्यानं खोली सोडली आणि स्वामीमलैला मूर्ती ओतणाऱ्या एका स्थपतीच्या आवारात राहायला गेला. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. त्यानं तिथं मेण मळायचं काम धरलं.

अंबुजानं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशी भांडण केलं. "नाव घालणार नाही म्हणाला होतात!"

"ओघात आलं तोंडून."

"पुस्तकातून तरी काढा."

"पुस्तकातून?" व्यंकोजीराव खरंच चकित झाले. "अगं, बाकी सगळी कोष्टकं आहेत. वाचणाऱ्याचं काळीज हलेल असं त्यात तेवढं एकच आहे. ते काढलं तर उरलं काय?"

त्यानंतर अंबुजा त्या विषयावर बोलली नाही. वेळेवर जेवण वाढी, वेळेवर कॉफी देई.

छापखान्यातून कच्ची पानं येऊ लागली. संस्कृत पोथ्या छापणारा छापखाना, त्यामुळे देवनागरी खिळे होते, पण जुळाऱ्याला मराठी कळत नव्हतं. तेव्हा पान न् पान घरीच तपासावं लागे. तुर्कीचा रकाना सेतुराम जाण्याआधीच पुरा झाला होता. पुश्तूचं मात्र बरंच बाकी होतं. एक आख्खं प्रकरण विभक्तींवर होतं, आणि दोन्ही भाषांत एकच शब्द नमुन्याला घेऊन तो सगळ्या रूपांत चालवून दाखवायचा, असं व्यंकोजीरावांनी ठरवलं होतं. शब्द निवडला पाणी. तुर्कीत सु. पुश्तूत वहीत 'ओबे' होतं, ते अनेकवचन दिसतं म्हणून त्यांनी त्याचं एकवचन 'ओबा' केलं.

"अगं!" त्यांनी हाक मारली. "पाणी थंड आहे. ओबा सडा दा. बरोबर ना?"

अंबुजा दाराआड तांदूळ निवडत होती. जरमिना उन्हाळ्यात भिंतीवर मातीचा घडा ठेवायची आणि ओरडायची, "ओबे सडे दी!" पुश्तूत पाणी एकटं नसतंच. नेहमी अनेकवचनी, दूधही तसंच. पाणी थंड आहे असं कुणी म्हणतच नाही, पाणी थंड आहेत म्हणतात. पहिल्या उन्हाळ्यात तिची हीच चूक व्हायची, आणि जरमिना हसून हसून भिंतीवर डोकं टेकायची. मुनशीनंही नवऱ्याला हे शिकवलं असणारच. पण परीक्षा होऊन तीस वर्षं लोटली होती.

"अगं, बरोबर ना?"

"तुम्ही परीक्षा दिली आहे," अंबुजा म्हणाली. "तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

व्यंकोजीरावांना हे ऐकून बरं वाटलं. त्यांनी 'ओबा' एकवचनी धरून अकरा पानं चालवली. मग दूध चालवलं. मग नमस्कार-चमत्कारांचं पान आलं. पठाण भेटला की "स्तडय मशे" म्हणतो, थकू नकोस. पण बाईला म्हणायचं झालं तर "स्तडे मशे". व्यंकोजीरावांनी बाईला म्हणायच्या वाक्यातही पुरुषाचंच रूप घातलं. ते पान अंबुजाच्या हातात दोन दिवस होतं. काने-मात्रे तिनं नीट तपासले, छापखान्याच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि बाकी काही न बोलता परत दिलं.

छप्पन्नच्या दिवाळीत पुस्तक निघालं. प्रस्तावनेत कोहाटच्या मुनशीचे आभार होते, प्राध्यापक स्वामीनाथांचे होते, 'तुर्की जाणणाऱ्या एका आप्तांचे' होते. मणीची हकिगत सत्तेचाळिसाव्या पानावर मोठ्या टीपेत होती, गावासकट, नावासकट. पहिली प्रत पुण्यातल्या एका नामांकित पंडितांना गेली.

चार महिन्यांनी उत्तर आलं. जेवणानंतर व्यंकोजीराव पाटावरच बसून पत्र वाचू लागले. सुरुवातीला मोठ्यानं वाचत होते, मग आवाज खाली गेला, मग नुसते ओठ हलले. अंबुजानं ताट उचललं नाही. ती भिंतीशी उभी राहून वाट बघत राहिली.

शेवटी त्यांनी पत्र तिच्याकडे टाकलं. पंडितांनी सौम्य भाषेत लिहिलं होतं. फाळणीनंतर बन्नूहून पुण्यात आलेल्या एका निर्वासित गृहस्थांना त्यांनी पुस्तक दाखवलं होतं. त्या गृहस्थांना हसू आवरेना. पुश्तूत पाणी अनेकवचनी असतं हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. लेखकानं त्यावर आख्खं प्रकरण रचलं आहे. बायकांना पुरुषांसारखा नमस्कार घातला आहे. 'तुलनेची मूळ कल्पना चांगली आहे,' असं पंडितांनी पुढे लिहिलं होतं, 'परंतु एक बाजू अशी ऐकीव असल्यावर दुसऱ्या बाजूवरही विश्वास ठेवणं कठीण जातं. आपली मराठी मात्र फार गोड व जुन्या वळणाची आहे.'

"तुला ठाऊक होतं?" व्यंकोजीरावांनी विचारलं.

"होतं."

"पाण्याचंही?"

"पाण्याचंही. दुधाचंही."

"आणि मी हाक मारून विचारलं तेव्हा..."

"अण्णानंही लिहू नका म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. चौसष्ट वर्षांचा माणूस एकदम ऐंशीचा दिसू लागला. त्यांनी उठून हात धुतले, प्रमाणपत्राची चौकट भिंतीवरून काढली आणि ती कुठं ठेवावी हे न सुचून हातात घेऊन तसेच उभे राहिले. अंबुजाला वाटलं होतं की हे बघताना आपल्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तिनं ताटं उचलली.

प्राध्यापक स्वामीनाथांनाही पुण्याहून पत्र गेलं होतं, म्हणून ती गोष्ट आठवड्याभरात गावभर झाली.

त्या रविवारी अंबुजा डब्यात दहीभात आणि वांग्याची भाजी घेऊन स्वामीमलैच्या बसमध्ये बसली. नवऱ्याच्या पुस्तकाचं काय झालं, ते भावाला आपल्या तोंडानं सांगायचं होतं. कुणीतरी त्याची बाजू घेतली, हे त्याला कळायला हवं होतं.

सेतुराम आवारात सावलीला बसून मेण मळत होता. हात काळे पडले होते, चेहरा अजून वाळला होता. त्यानं डबा घेतला, बाजूला ठेवला.

"ऐकलंस का, अण्णा? पुस्तकाचं?"

"ऐकलं. रामलिंग आला होता परवा."

अंबुजा दचकली. "रामलिंग? इथं?"

"तो आधीही एकदा येऊन गेला होता, पुस्तक निघालं तेव्हा. त्याला मराठी वाचता येत नाही. सत्तेचाळिसावं पान मला तमिळमध्ये सांगायला लावलं. मी सांगितलं. क आणि का मातीत काढून दाखवलं. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, छापलंय म्हणजे विद्वानांनी बघितलंच असेल. एवढीशीच चूक होती होय? जाताना म्हणाला, येत्या तिथीला बघू."

सेतुरामनं मेणाचा गोळा दुसऱ्या हातात घेतला.

"परवा आला तो वेगळाच होता. म्हणाला, सगळं पुस्तकच खोटं आहे म्हणे. पुण्याच्या लोकांनी सांगितलंय, त्यातली भाषाच कुणाला येत नाही. मग तो तुमचा 'का'ही खोटाच. मला म्हणाला, तुम्ही घाबरलात आणि माझ्या भावाला त्यांच्या हवाली केलंत, आणि आता मेहुण्याकडून व्याकरण लिहून घेतलंत. मी काय सांगणार? तुर्की जाणणारं माणूस मी या मुलखात कुठून आणू, की हा खरं बोलतोय म्हणून सांगेल?"

आवारात पलीकडे कुणीतरी मूर्तीवर कानस घासत होतं. त्या आवाजात अंबुजाला आपलाच आवाज नीट ऐकू आला नाही.

"अण्णा, तुर्कीत चूक नव्हती. पुश्तूत होती. मला माहीत होती. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी बोलले नाही. तुझ्यासाठी."

सेतुरामचे हात थांबले. तो बहिणीकडे बघत राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"भावोजींना नीट लिहू द्यायचं होतंस, अंबू," तो म्हणाला. "तेवढं एक पान तरी नीट राहिलं असतं."

तिला काही बोलायचं होतं. मराठीत सुचेना, तमिळमध्येही सुचेना. सेतुरामनं पुन्हा मेण मळायला घेतलं.

"डबा रिकामा करून देतो," तो म्हणाला. "साडेपाचची बस गेली की पुढची फार उशिरा आहे."

त्यानं भात एका पळसाच्या पानावर काढला, डबा नळाखाली धुतला आणि कोरडा करून तिच्या हातात दिला. अंबुजा साडेपाचच्या बसनं परत आली.